पडद्याच्या माथ्यावरची पट्टी

आमच्या गावच्या विहारात एकच टेबल होतं आणि ते कॅरमचं होतं. म्हणजे आणलं होतं वाचनालयाच्या नावाने, लिहायला-वाचायला. पण मी कळती झाले तेव्हापासून त्यावर कॅरम बोर्डच पाहिला. संध्याकाळी पोरं जमायची, पावडर उडायची, सोंगट्यांची खटखट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायची. आम्ही मुली विहारात जायचो रविवारी, वंदनेला, आणि वंदना संपली की सरळ घरी. बाकीचे सहा दिवस विहार आमचा नव्हता. तसं कुणी आम्हाला बजावलं नव्हतं, कारण बजावायची वेळच कुणी आणली नव्हती.

ती मी आणली. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. माय म्हणायची, ही पोट्टी चुलीच्या आधी पेटते. बारावीनंतर मी तिरोड्याला जाऊन मराठी टायपिंग केलं, कॉम्प्युटरचा छोटा कोर्स केला आणि घरी येऊन बसले, कारण पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. बाबा गोंदियाला धानाच्या एका अडत्याकडे हमाली करत. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट असेल. त्या दुकानात नवे कॉम्प्युटर आले आणि जुना एक कोपऱ्यात पडला. बाबांनी तो मागून घेतला, काळी-पिवळी जीपच्या टपावर गोणपाटात बांधून गावात आणला आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "घे, याचं काय होते ते पाय."

घरी ठेवायला कोरडी जागा नव्हती. मी विहाराच्या समितीकडे गेले आणि टेबल मागितलं. गावात चार मुली होत्या, दहावी-बारावी होऊन घरात बसलेल्या. त्यांना टायपिंग शिकवते म्हणाले. समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव आबाजी म्हणायचं, ते स्वतः कॅरमचे पक्के खेळाडू. त्यांनी बराच वेळ हनुवटी खाजवली आणि मग ठरवून टाकलं की दुपारी टेबल पोरींचं, संध्याकाळी पोरांचं, आणि हे बुद्ध पौर्णिमेपर्यंत. तोवर मशीन नीट चालली तर टेबल कायमचं कॉम्प्युटरला. नाही चालली तर कॉम्प्युटर उचलायचा आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. त्या चार मुलींच्या घरी "विहारात जाते" एवढं म्हटलं की बाहेर पडता येत होतं. दुसरीकडे कुठे जाते म्हटलं असतं तर दहा प्रश्न आले असते. म्हणून ते टेबल गेलं असतं तर नुसता कॉम्प्युटर गेला नसता, दुपार गेली असती.

आता माझ्या चुलत भावाची ओळख करून देणं भाग आहे. तो युवक मंडळाचा सचिव, गोंदियात कोर्स केलेला, आणि गोंदियात चार महिने राहून हिंदी बोलायला लागलेला. तो आधी आला खिशात सीडी घेऊन, सगळीकडे चालते ती "असली" सिस्टीम टाकायला. टाकली. मग मशीन सुरू व्हायला इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात चहा होऊन पिऊन व्हायचा. मेमरी होती दोनशे छप्पन एमबी, ती बिचारी कुठवर पुरणार. मी गोंदिया स्टेशनच्या स्टॉलवरून कॉम्प्युटरचं एक मासिक आणलं होतं. त्याच्या पोटात एक सीडी चिकटवलेली होती, जुन्या मशीनसाठी लिनक्स नावाच्या हलक्या, फुकट सिस्टीमची. मी त्याची सिस्टीम पुसून ती टाकली आणि मशीन चालायला लागली. फार काही नव्हतं तिच्यात, पण अक्षर दाबलं की अक्षर उमटायचं, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

भावाला ते लागलं. "अबे, ये कौन चलाता है दुनिया में?" असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. मी म्हणाले, आम्ही चालवतो. त्या दिवसापासून आमचं बोलणं जवळजवळ बंद झालं.

एप्रिल लागला आणि मशीन बंद पडायला लागली. सुरू असताना, कुणी हात न लावता, पडदा एकदम काळा. मुलगी टाइप करत असायची आणि अर्धं पान गायब. कुणी म्हणे व्होल्टेज कमी आहे. कुणी म्हणे पोरींना हात लावू दिला की असंच होणार. भाऊ म्हणे हे त्या फुकटच्या सिस्टीमचं काम आहे, आणि वर मला ऐकवायचा, नाचता येईना अंगण वाकडं. लोकांना त्याचं पटायचं, कारण तो गोंदियात शिकला होता. मी ओरडून ओरडून सांगायचे की दोष सिस्टीमचा नाही. पण कशाचा आहे, हे मलाही सांगता येत नव्हतं, आणि याचाच मला जास्त संताप यायचा.

मग ठरवलं की माझ्या ओरडण्याने काही होत नाही, मशीनलाच बोलू द्यावं. त्या मासिकात एका पानावर चित्र होतं: पडद्याच्या वरच्या कडेला बारीक पट्टी, आणि तिच्यावर मशीनच्या आतलं सगळं दिसतंय. किती मेमरी खर्च झाली, प्रोसेसर किती राबतोय, मशीन सुरू होऊन किती वेळ झाला, आत किती गरम आहे. तसली पट्टी बसवायचा प्रोग्राम माझ्या सीडीत होता. तो कसा लिहायचा याची पानं तिरोड्याच्या सायबर कॅफेत छापून घेतली. पानं इंग्रजीत होती आणि माझं इंग्रजी दुकानाची पाटी वाचण्यापुरतं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी एकेक ओळ काढली.

पट्टी बनवायची म्हणजे एक साधी फाइल लिहायची. कुठे काय दिसावं, अक्षर केवढं, रंग कोणता, आकडा किती वेळाने बदलावा, सगळं हाताने. एक महिरपी कंस बंद करायचा राहिला की अख्खी पट्टी नाहीशी, आणि चूक कोणत्या ओळीत आहे हे सांगायला कुणी नाही. मला ते आवडायला लागलं. गावात माझं तोंड बंद करायला सगळे टपलेले, आणि इथे एक वस्तू होती जी मी लिहिलेलं तस्सं ऐकत होती. चुकीचं लिहिलं तर चुकीचंच ऐकत होती, पण त्यात तिचा काही डाव नव्हता.

मुली म्हणाल्या, पट्टी मराठीत हवी. पहिल्यांदा मराठी लिहिलं तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. फॉन्टचं नाव बदललं तर अक्षरं आली, पण "गरमी"ची वेलांटी म पासून सुटून लांब जाऊन बसली. तिसरा फॉन्ट लावला तेव्हा शब्द नीट उमटले. भाऊ येऊन पाहून गेला आणि हसला, कॉम्प्युटरमध्ये "टेम्परेचर" म्हणतात, गरमी नाही. मी म्हणाले, आमच्यात गरमीच होते, टेम्परेचर तुमच्या गोंदियात होत असेल. एका मुलीने घड्याळ मागितलं, सगळ्यात मोठ्या अक्षरात, म्हणजे तिचा भाऊ घरी यायच्या आत तिला निघता येईल. ते मी उजव्या टोकाला बसवलं.

एक गंमतही झाली. मी पट्टीला क्षणाक्षणाला आकडे बदलायला सांगितलं होतं. दोन दिवस मला कळेना की आम्ही काही करत नसताना प्रोसेसर कशात राबतोय. मग पाहिलं तर तो पट्टीपायीच राबत होता. दमलास का, दमलास का, असं सारखं विचारून कुणीही दमेल. मी वेळ वाढवली, दोनचार वस्तू काढून टाकल्या, आणि पट्टी हलकी झाली.

गरमीची ओळ मात्र रिकामीच राहिली. आतलं मोजमाप करणारा भाग सिस्टीमला आधी शोधून द्यावा लागतो, हे छापलेल्या पानांच्या शेवटी बारीक अक्षरात होतं. तेवढंच पान मी वाचलं नव्हतं. ती आज्ञा दिली, मशीन पुन्हा सुरू केली आणि "गरमी"च्या पुढे आकडा आला. आम्ही पाचही जणी तो आकडा चढताना पाहत बसलो. साठीत होता, सत्तरीत गेला, ऐंशी ओलांडली, आणि पडदा काळा. मशीन तापून स्वतःला वाचवायला बंद होत होती, एवढं आता उघड झालं. मला इतका आनंद झाला की मी विहारातच टाळी वाजवली.

आनंद टिकला नाही. मी कॅबिनेट उघडून पंखा साफ केला. विहाराला लागूनच धानाची गिरणी, आणि आमचं गाव बोदलकशाच्या तलावाच्या पाण्यावरचं, त्यामुळे उन्हाळी धान निघायचा आणि मे महिन्यात गिरणी बंद म्हणून नसायची. पंख्याच्या पात्यांवर कोंडा चिकटून बसला होता. दात घासायचा जुना ब्रश आणि सायकलचा पंप घेऊन सगळं झाडलं. दोन दिवस मशीन बरी चालली आणि मग पुन्हा तेच. वर टिनाचं छप्पर, बाहेर मे महिन्याचं ऊन. तरी मला वाटायचं, गोंदियाच्या त्या दुकानातही टिनच होतं, मग तिथे कशी चालली?

पौर्णिमेच्या आधीचा रविवार आला. वंदना झाली आणि भावाने विषय काढला की मशीन चालत नाही हे सगळ्यांनी पाहिलं आहे, तेव्हा टेबल मोकळं करावं. आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं मी चिडेन, पण माझा आवाज एकदम थंड निघाला. मी म्हणाले, "दर रविवारी वंदनेत आपण धम्माबद्दल म्हणतो, एहिपस्सिको, या आणि पाहा. मग आज पाहा ना. मशीन लावते. सगळे समोर बसा. ती बंद पडली तर मीच उचलून नेते."

माणसं टेबलासमोर सतरंजीवर बसली, बायका उजव्या बाजूला, माय पुढेच. मी मशीन सुरू केली आणि पट्टीतली "गरमी"ची अक्षरं मोठी केली, मागच्यांनाही दिसावीत इतकी. हा आकडा मशीनच्या पोटातल्या उष्णतेचा, ऐंशीच्या पुढे गेला की ती बंद होते, असं सांगितलं. मग सगळे गप्प बसून आकड्याकडे पाहू लागले. कॅरमची मॅचसुद्धा आमच्या गावाने इतक्या शांतपणे पाहिली नसेल.

आकडा चढत होता. भाऊ भिंतीला टेकून उभा होता आणि हसू दाबत होता. सत्तर गेले. मी पट्टीकडे पाहणं सोडून कॅबिनेटकडे पाहायला लागले, आणि तेव्हा मला ते दिसलं.

कॅबिनेटवर कव्हर होतं. ते मायने शिवलेलं होतं. आमच्याकडे विकत आणलेली कुठलीही वस्तू उघडी ठेवत नाहीत. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रेडिओला कव्हर. वस्तूला मान द्यायची आमची ती रीत. कॉम्प्युटर विहारात आल्यावर मायने पांढऱ्या जाड कापडाचं, निळ्या काठाचं कव्हर शिवलं. पडद्याचं आम्ही काम करताना काढायचो. कॅबिनेटचं मात्र सदऱ्यासारखं अंगाबरोबर होतं, मागे गुंड्या लावलेलं, बटण दाबायला आणि वायरींना नेमकी भोकं ठेवून. गिरणीचा कोंडा आत जाऊ नये म्हणून ते कधीच काढायचं नाही, असं तिने बजावलं होतं. मीही पंखा साफ केल्यावर ते धुऊन, वाळवून पुन्हा चढवलं होतं. ते इतकं नेटकं होतं की ते कव्हर आहे हेच आम्ही विसरलो होतो. आता मी पाहत होते, तर मागच्या बाजूला कापड फुगलं होतं. पंखा गरम हवा बाहेर टाकत होता आणि मायचं कापड ती अडवत होतं.

मला एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर टेबल आमचं झालं असतं. पण ते बोलायचं म्हणजे सगळ्या गावासमोर सांगायचं की ज्या वस्तूचा मायला सगळ्यात जास्त अभिमान, तीच मशीनचा गळा दाबते आहे. मायने ते कव्हर शिवलं तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी विहारातल्या वस्तूसाठी तिचं नाव घेतलं होतं. गावभर भांडलेली मी, त्या वेळी माझी जीभ उचलेना. आकडा अठ्ठ्याहत्तर झाला. मुली माझ्याकडे पाहत होत्या.

मायला अक्षरं येत नव्हती, अंक येत होते. तिने पट्टीवरचा आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी जिकडे पाहत होते तिकडे पाहिलं.

"काऊन गप झालीस?" तिने विचारलं.

ती उठली. टेबलाजवळ येऊन तिने कव्हरच्या मागच्या फुगलेल्या भागावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग म्हणाली, "एवढ्या उन्हात सदरा घालून बसवला मीनं याले." आणि एकेक गुंडी काढायला लागली. घाई केली नाही. कापड फाटू नये म्हणून वायरी जपून बाजूला घेतल्या, कव्हर ओढून काढलं आणि नीट घडी करून काखेत धरलं.

आकडा ऐंशीवर येऊन थांबला होता. नंतर एकोणऐंशी झाला. मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली, उतरून राहिला. मग सत्तरीच्या घरात खाली खाली जात राहिला, आणि साठीत येऊन टेकला. मुली हसायला लागल्या. आबाजी पुढे सरकून पट्टीजवळ तोंड नेऊन आकडा वाचत होते, जणू तो खोटा असेल तर जवळून कळेल. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला, पट्टीवर "चालू" या शब्दापुढची वेळ वाढत राहिली आणि मशीन बंद पडली नाही.

भावाला गप्प बसवेना. तो मायकडे पाहून हसत म्हणाला, "म्हणजे मोठीमायनंच मशीन मारली असती. अन् नाव आमचं खराब."

मी उसळणारच होते. मायने हाताने मला थांबवलं. तिचा आवाज चढला नाही.

"हो. चूक माही होती. सगळ्यायसमोर त्या पट्टीवर दिसली, सगळ्यायसमोर मीनं काढून टाकली. आता तुही चूक कोणत्या पट्टीवर दिसते, ते सांग."

बायकांमधून कुणीतरी हुंकार भरला. आबाजींनी एक मोठा सुस्कारा सोडला, आणि तो मशीनसाठी नव्हता, त्यांच्या संध्याकाळसाठी होता हे सगळ्यांना कळलं. ते म्हणाले, "टेबल पोरीयचं. आपला बोर्ड ओट्यावर घेऊ."

मला आजही कुणी सांगतं की ती पट्टी म्हणजे पडद्याची सजावट, रिकामटेकड्यांचा छंद. सांगोत बापडे. त्या पट्टीने माझ्या चार मुलींची दुपार वाचवली. त्यांतल्या दोघींनी पुढे टायपिंगची परीक्षा दिली, एक पहिल्यांदा नापास झाली तरी दुसऱ्यांदा बसली, आणि घड्याळ मागणारीने एक दिवस मला ते काढून टाकायला सांगितलं. आता घरी जायची घाई नाही म्हणाली. मी काढलं नाही, अक्षर लहान केलं.

पण सांगायचं ते त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसाचं. दुपारी आम्ही विहारात गेलो तर टेबलाच्या अर्ध्या भागावर कॅरम बोर्ड. पोरांनी सकाळीच आणून ठेवलेला. ओट्यावर ऊन लागते, लाकूड वाकेल, अर्धं अर्धं वापरू, असं भावाचं म्हणणं. मी ओढणी कमरेला खोचली. तेवढ्यात माय आली, शेतातून तशीच, पायाला चिखल, काखेत काहीतरी गुंडाळलेलं. तिने बोर्ड दोन्ही हातांनी उचलला, ओट्यावर नेऊन भिंतीला टेकवला आणि काखेतलं उलगडलं. तेच पांढरं कापड, तोच निळा काठ. आदल्या दिवशी संध्याकाळभर बसून तिने कॅबिनेटचं कव्हर पूर्ण उसवलं होतं, त्याला स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा जोडला होता आणि बोर्डाच्या मापाने पुन्हा शिवलं होतं. तिने ते बोर्डावर चढवलं, कोपरे ओढून सरळ केले आणि मागे एकेक गुंडी लावली.

"याले गरमी होत नाही," ती पोरांना म्हणाली. "हा राहू द्या झाकून."

मग आत आली, पाय पुसले आणि टेबलासमोरच्या बाकावर, मुलींच्या शेजारी, जागा करून बसली.